'हबशी' एवढ्याने भागत नाही: संग्रहालयांचे फलक लिहिणाऱ्यांना खुले पत्र

संग्रहालयांचे अभिरक्षक, प्रदर्शनांचे रचनाकार आणि फलकांचा मराठी मजकूर लिहिणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

दालन सागरी व्यापाराचे असो वा लोकवाद्यांचे, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांविषयीचा मराठी फलक बहुधा एका ओळीत आटोपतो: 'हबशी गुलाम, आफ्रिका, 17वे ते 19वे शतक.' शेजारी नकाशा, आणि नकाशावर पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेकडे निघालेला एक जाड बाण. ही ओळ कशी लिहावी, बाण कुठून कुठे काढावा आणि वाद्य खुंटीला कोणत्या बाजूने टांगावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

आधी 'हबशी'. मराठी वाचकाला या शब्दाबरोबर मलिक अंबर आठवतो, जंजिरा आठवतो. हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. अंबर तिकडचा, मोखा आणि बगदाद अशा बाजारांतून विकला जात दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि 1626 मध्ये वारला. त्याच्या मुलखातल्या भाषा बांटू कुळातल्या नाहीत. काँगो, अंगोला, मोझांबिक, मलावी, टांझानिया इथून नेलेली माणसे बोलत त्या बांटू भाषा वेगळ्या, त्यांची बंदरे वेगळी, आणि नशीबही बहुतेकदा वेगळे: तलवारीऐवजी ऊस, कॉफी, खाण आणि घरकाम. दोघांना एकाच शब्दात कोंबले की अंबराच्या पराक्रमाआड बाकीचे लाखो लोक दिसेनासे होतात.

'बांटू' ही जमात नव्हे, वंशही नव्हे. सुमारे 500 भाषांच्या कुळाचे हे नाव विल्हेल्म ब्लेक या भाषाशास्त्रज्ञाने 19व्या शतकात रूढ केले. 'न्टु' म्हणजे माणूस. काँगोकडच्या किकोंगो भाषेत एक माणूस 'मुन्टु', अनेक 'बान्टु'. आपल्याकडे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला लागतो, इथे तो डोक्यावर बसतो. स्वाहिलीत 'म्तु' म्हणजे माणूस, 'वातु' म्हणजे माणसे. अरबी 'किताब' स्वाहिलीत 'किताबु' झाला, तेव्हा बोलणाऱ्यांनी त्यातला 'कि' हाच उपसर्ग धरला आणि अनेकवचन केले 'विताबु'. व्याकरण किती चिवट असते ते यावरून कळावे. हे उपसर्ग पुढे उपयोगी पडणार आहेत, म्हणून फलकावर एक ओळ त्यांना द्या.

आता नकाशा. अटलांटिक ओलांडण्यासाठी सुमारे 1 कोटी 25 लाख माणसे जहाजांवर चढवली गेली. पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे 1 कोटी 7 लाख. चढवलेल्यांपैकी सुमारे 57 लाख, म्हणजे जवळजवळ निम्मी, काँगो-अंगोलाच्या किनाऱ्यावरची. लुआंडा, बेंग्वेला, काबिंडा ही तिथली मुख्य बंदरे, आणि एकट्या लुआंडाचा आकडा सुमारे 28 लाखांचा. तुमचा बाण घानाच्या किल्ल्यांवरून निघत असेल तर हे निम्मे लोक नकाशाबाहेर राहिले.

दुसरी चूक त्रिकोणाची. युरोपातून माल, आफ्रिकेतून माणसे, अमेरिकेतून साखर हा शाळेत शिकवला जाणारा त्रिकोण इंग्लंड-फ्रान्सच्या जहाजांना लागू पडतो. ब्राझीलला तो फारसा लागू नाही. दक्षिण अटलांटिकचे वारे आणि प्रवाह असे फिरतात की रिओ किंवा साल्वादोरहून सुटलेले जहाज थेट आफ्रिकेला जाऊन थेट परत येऊ शके. जाताना उसाची दारू आणि कापड, येताना माणसे. म्हणून दोन टोकांचा, जाण्यायेण्याचा बाण काढा. लुआंडा ते रिओ हा प्रवास साधारण पाच-सहा आठवड्यांचा. मोझांबिकहून आलेल्या जहाजाला केप ऑफ गुड होपला वळसा घालून दोन महिन्यांहून जास्त लागत. पाणी संपे, हगवण पसरे, आणि मेलेल्यांचे प्रमाणही त्या वाटेवर अधिक. या वाटेला वेगळा रंग द्या. 1815 च्या करारानंतर विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा व्यापार पोर्तुगीजांना बंद झाला, तेव्हा केलिमाने आणि इन्यांबाने या मोझांबिकच्या बंदरांवरची वर्दळ वाढली.

लुआंडात माणूस विकत घ्यायला जे कापड चाले, त्यात हिंदुस्थानी कापडाचा वाटा मोठा होता. कापडाच्या दालनात ही गोष्ट लिहिलेली सहसा दिसत नाही. लिहायला हवी.

रिओच्या वलोंगो धक्क्याविषयी फलक करणार असाल तर तारखा नीट बघा. धक्का 1811 चा. गुलाम आणण्यास बंदी घालणारा कायदा 1831 चा. त्यानंतरही हजारोंनी माणसे आणली गेली, पण चोरून, आडबाजूच्या किनाऱ्यांवर. 1843 मध्ये सम्राटाच्या वधूच्या स्वागतासाठी वलोंगोच्या दगडांवर नवा धक्का चढवण्यात आला. जुने दगड पुन्हा उजेडात आले ते 2011 मध्ये, बंदर-भागाच्या नूतनीकरणाच्या खोदकामात, आणि 2017 पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. म्हणून 'वलोंगो धक्का, 1840 चे दशक' असे चित्राखाली छापलेले दिसले की समजावे, कोणीतरी अंदाजाने लिहिले आहे. प्रत्यक्ष व्यापाराचा शेवट 1850 नंतर झाला आणि गुलामगिरी संपली 13 मे 1888 ला. या तीन तारखांची सरमिसळ फार होते.

गुलामांविषयीच्या जुन्या कागदांत माणसाच्या नावापुढे एक शब्द असतो: 'जुआंव बेंग्वेला', 'मारिया काबिंडा', 'आंतोनियो मोझांबिक'. ही जात किंवा जमात समजून तसेच भाषांतर केले जाते. घोटाळा इथे होतो. हे शब्द बहुतेकदा बंदराचे किंवा व्यापारी टापूचे आहेत. बेंग्वेलात चढवलेला माणूस किनाऱ्यापासून महिनाभर चालवत आणलेला असे. मोझांबिक लिहिलेला माणूस माखुवा असेल, याओ असेल, न्यांजा बोलणारा असेल. आपल्याकडे मुंबईत उतरलेल्या प्रत्येकाला 'मुंबईकर' लिहावे तसा प्रकार. फलकावर कागदातला शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेवा, पुढे 'म्हणजे त्या बंदरातून नेलेला' असा खुलासा करा, आणि भाषेचा पुरावा स्वतंत्र असेल तरच भाषा लिहा.

या लोकांचा वारसा दाखवताना रचनाकार लगेच देवदेवता शोधतात. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातले योरुबा देव, त्यांचे रंग, त्यांचे मणी छायाचित्रात उठून दिसतात, आणि जुन्या अभ्यासकांनीही योरुबांना वरचे पान वाढून बांटूंना 'पुराणकथा नसलेले' ठरवले होते. बांटूंचा ठसा शोधायचा तर स्वयंपाकघरात, अंगणात आणि शिव्यांत शोधावा. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये शेंडेफळाला 'कासुला' म्हणतात, तो अंगोलातल्या किंबुंदू या बांटू भाषेतला 'कासुले'. टवाळ पोरगा 'मोलेकी', मूळ 'मुलेके'. फळाभाजीचे दुकान 'कितांदा'. मक्याचे पीठ 'फुबा'. कोणाच्या केसांतून हलकेच बोटे फिरवणे या एका क्रियेला 'काफुने' हा स्वतंत्र शब्द आहे. मालकिणीच्या घरात ही कामे कोणाच्या वाट्याला होती हे त्या एका शब्दावरून कळते. पळून गेलेल्यांची वसाहत 'किलोंबो': अंगोलात हा शब्द लढवय्यांच्या छावणीचा होता. पाल्मारेसच्या किलोंबोचा नायक झुंबी 20 नोव्हेंबर 1695 ला मारला गेला, आणि ती तारीख आता ब्राझीलभर सुट्टीची आहे. वरच्या शब्दांत डोक्यावर बसलेले 'कि', 'मु', 'का' दिसले ना? तेच मघाचे उपसर्ग. बोलणाऱ्यांना आज ते उपसर्ग आहेत हे ठाऊकही नसते.

एक शब्द जरा थांबून बघण्याजोगा आहे: 'मालुंगो'. एकाच जहाजातून आलेले दोघे एकमेकांचे मालुंगो. गुरुबंधू असतो तसा हा गलबतबंधू. आई-बाप, गाव, कूळ सगळे तुटल्यावर जहाजाच्या पोटात जुळलेले हे नाते होते. गुजरातच्या सिद्दींच्या, म्हणजे तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या, धनुष्यवाद्याचे नाव 'मालुंगा' आहे, म्हणून दोन्हींचा धागा जोडण्याचा मोह होतो. नावे जुळली म्हणून नाते जुळत नाही. उच्चार, अर्थ आणि वाट या तिन्हींचा पुरावा असल्याशिवाय जोडू नका.

असे सापळे आणखी आहेत. स्वाहिलीत 'गारी' म्हणजे गाडी आणि 'लाकी' म्हणजे लाख. हे शब्द आपल्याकडून तिकडे गेले, तिकडून इकडे नव्हे. भुईमुगाला अमेरिकेच्या (यू.एस.) दक्षिणेकडच्या राज्यांत 'गूबर' म्हणतात, तो शब्द बांटू 'न्गुबा', पण भुईमूग मात्र मुळात दक्षिण अमेरिकेचा. पीक तिकडून आफ्रिकेत गेले आणि नवे नाव घेऊन परतले. भेंडीचे उलटे: भाजीही आफ्रिकेची आणि लुइझियानाच्या 'गंबो' रश्श्याचे नावही 'किन्गोंबो' या भेंडीच्या बांटू नावावरून. तेव्हा वस्तूचे मूळ आणि नावाचे मूळ यांना फलकावर दोन वेगळी वाक्ये द्या.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो बेरिंबाउ या ब्राझीलच्या धनुष्यवाद्यात. 'बेरिंबाउ' हे नाव पोर्तुगीज. मुळात ते मोरचंगेचे. वाद्य मात्र अंगोलाचे, तिकडे त्याला 'हुंगु' म्हणतात, आणि ब्राझीलच्या जुन्या नोंदींत 'उरुकुंगो'. त्याचे भाग असे: बिरिबा लाकडाची लवचीक काठी, साधारण सात विती, म्हणजे दीड मीटरच्या आसपास (तिकडचे कारागीरही वितीनेच मोजतात), एक पोलादी तार, पोकळ वाळवलेला भोपळा, टोल द्यायला हातभर नव्हे, जेमतेम 40 सेंटिमीटरची बारीक काडी, एक नाणे किंवा गुळगुळीत गोटा, आणि 'काशिशी' ही बियांनी भरलेली छोटी वेताची टोपली, जिचा तळ भोपळ्याच्या चकतीचा असतो. तार आज मोटारीच्या जुन्या टायरच्या कडेतून सोलून काढतात आणि चिकटलेले रबर पॉलिश-कागदाने घासून टाकतात. रबर राहिले की नाद बसका येतो. काठीचे खालचे टोक खुंटीसारखे कोरलेले असते, तिथे तारेचा फासा अडकतो. वरच्या टोकाला चामड्याची चकती ठोकतात, नाहीतर ताण पडताच तार लाकूड चिरत जाते. भोपळ्याच्या बुडाला दोन भोके पाडून त्यातून ओवलेली दोरी काठी आणि तार दोन्हींना कवेत घेते. हा फास खालच्या टोकापासून वीतभर वर. फार वर सरकला तर आवाज पातळ होतो.

टांगताना होते ती चूक अशी की भोपळ्याचे तोंड भिंतीऐवजी प्रेक्षकाकडे करतात, तेवढे तोंड बघायला छान दिसते म्हणून. वाजवणाऱ्याच्या हाती भोपळ्याचे तोंड त्याच्या पोटाकडे आणि तार समोरच्याकडे असते. पोटाला टेकवले की आवाज कोंडतो, दूर केले की उमलतो. अर्धे संगीत या हालचालीतच आहे. डाव्या हाताची करंगळी दोरीखाली जाते आणि सगळे वजन तीच पेलते. अंगठा आणि तर्जनीत नाणे. नाणे तारेला घट्ट दाबले की चढा सूर, नुसते टेकवले की खरखर, सोडले की मोकळा सूर. तेव्हा खुंटीवर लावताना तार प्रेक्षकाकडे, भोपळा खालच्या टोकाशी आणि तोंड भिंतीकडे करा, आणि तोंड दिसावे म्हणून शेजारी आरसा ठेवा. शिवाय तार चढवून वर्षभर ठेवू नका. वाजवणारेही बैठक संपली की तार उतरवतात, नाहीतर काठी वाकडीच राहते आणि तिचा जोर जातो. दमट हवेत तार गंजते. तेलाचा हात पुरेसा आहे, पण तेल भोपळ्याला लागू देऊ नका.

चित्राबाबतही सावध असावे. 1820 च्या दशकात देब्रे या फ्रेंच चित्रकाराने रिओत रेखाटलेला धनुष्यवादक अंध आहे आणि कापोएराशी, म्हणजे ब्राझीलच्या नाचासारख्या युद्धकलेशी, त्याचा काही संबंध दाखवलेला नाही. त्याच काळातल्या रुगेंडास या जर्मन चित्रकाराच्या कापोएराच्या चित्रात ढोल आहे, बेरिंबाउ नाही. दोघांची जोडी नंतर जमली. 'गुलाम बेरिंबाउच्या तालावर लपून युद्धकला शिकत' हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनात असते. कृपया काढून टाका.

हिंदी महासागराची बाजू आपल्याला जवळची, तरीही तिच्यावर फलक कमी. मोझांबिक बेट 1507 पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात, गोवा 1510 पासून. वारा नैऋत्येचा धरून ऑगस्टात तिथून निघालेले जहाज सप्टेंबरात गोव्याला लागे, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर बंदरे उघडतात त्या सुमारास. गोव्याच्या बोलीतला 'खापरी' हा हिणवणारा शब्द याच येण्याजाण्याचा. दीवच्या वाण्यांची मोझांबिकशी व्यापार करणारी सनदी कंपनी 1686 मध्ये निघाली. कापड जाई, हस्तिदंत येई, आणि हस्तिदंताबरोबर माणसेही. या वाटेवर अटलांटिकसारखे शेकडोंनी भरलेले जहाज क्वचित. बहुधा इतर मालाबरोबर थोडी थोडी माणसे, पण वर्षानुवर्षे. त्यामुळे जहाजाच्या आडव्या छेदाचे ते प्रसिद्ध इंग्रजी चित्र, ओळीने निजवलेली माणसे दाखवणारे, गोव्याच्या फलकावर लावू नये. ते या समुद्राचे नाही. पोर्तुगीजांनी व्यापारावर 1836 मध्ये बंदी घातली, आणि गुलामगिरी कागदोपत्री संपली ती 1869 मध्ये.

उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ रानातल्या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज गोव्याकडून आले. आज ते मराठी-कन्नड मिसळलेली कोंकणी बोलतात; काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. सिद्दींच्या जनुकीय अभ्यासांत, विशेषतः 2011 च्या, पूर्व आफ्रिकेतल्या बांटू-भाषकांशी जवळीक स्पष्ट दिसते. पण त्यांचा 'दमाम' हा ढोल आपल्या फारसी 'दमामा' या नावाचा भाऊ आहे. नावावरून आफ्रिका सिद्ध होत नाही. त्यांची 'कवंद' ही गोधडीही अशीच: कडेकडेने धावदोरा घालत आत जायचे, आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुले' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानायचे नाही. तिचे वर्णन करा, चिंधी न् चिंधी मोजा, पण 'आफ्रिकी परंपरा' हा शिक्का पुराव्याशिवाय मारू नका. गुजरातच्या रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यात होणाऱ्या 'गोमा'चे मात्र तसे नाही. बांटू भाषांत 'न्गोमा' म्हणजे ढोलही आणि ढोलावरचा नाचही. इथे शब्द, वस्तू आणि वाट तिन्ही जुळतात.

मॉरिशसमध्ये मराठी माणसे गिरमिटावर गेली ती 1835 मध्ये तिथली गुलामगिरी संपल्यावर, मोकळ्या झालेल्या मोझांबिकी आणि मादागास्करी लोकांची उसाच्या फडातली जागा भरायला. तिथल्या मराठी मंडळींविषयी फलक करताना आधीच्या या माणसांना एक वाक्य तरी द्या. सेगा या तिथल्या नाचगाण्यातला 'राव्हान' हा डफ शेळीच्या कातड्याचा, आणि वाजवण्याआधी जाळावर शेकतात, आपली हलगी शेकतात तशीच. शेजारच्या रेयुनियाँ बेटावरचा 'कायांब' हा खुळखुळा तर आपल्या कारागिराला सहज जमेल: उसाच्या तुऱ्याचे दांडे चौकटीत शेजारी शेजारी बांधून चपटा खोका, आत कर्दळीच्या काळ्या बिया. दांडे पुरते वाळले नाहीत तर बुरशी येते आणि बिया चिकटून आवाज मरतो. मुलांच्या हाती देण्यासाठी मूळ वस्तूऐवजी हीच प्रतिकृती करावी.

शेवटी नाशिक. इंग्रज आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतली बरीच शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात वाढली. त्यांतला जेकब वेनराइट हा याओ. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, झाडावर मृत्युलेख त्याने कोरला, आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबेतल्या दफनाला तो हजर होता. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही सोडवलेल्या गुलामांची वसाहत वसली, तेव्हा अशा 'बॉम्बे आफ्रिकन' मंडळींनीच तिथली शाळा आणि कारखाने उभे केले. यांच्याविषयी फलक लिहाल तेव्हा 'नाशिकचे हबशी' लिहू नका. नमुना असा:

'जेकब वेनराइट. याओ, बांटू-भाषक, मूळ मुलूख न्यासा सरोवराच्या परिसरात. लहानपणी पकडला गेला, आरमाराने सोडवला. नाशिकजवळ शरणपूर येथे शिक्षण. हे नाव तिथे मिळालेले.'

वाद्यांच्या दालनात तार उतरवायचे तेवढे आजच करून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर काठ्या लवकर वाकतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
आफ्रिकी भाषा, वाद्ये आणि सागरी व्यापाराचे काही अभ्यासक